किशोरवय आणि संततिनियमन : या अभ्यासात येणाऱ्यांसाठी

मराठीत हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही दंड झालाच. पुढे कुटुंबनियोजन सरकारी धोरण झाले, पण त्याच्या नजरेसमोर राहिले ते मुले झालेले आणि आता थांबू पाहणारे जोडपे. पहिलेच मूल लांबवायचे असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा विचार त्यात फारसा नव्हता.

आजही ती दोन खात्यांत वाटली गेली आहे. शाळेत असेपर्यंत तिला लोहाच्या गोळ्या आणि सॅनिटरी पॅड मिळतात. लग्न झाले की घरातले पाळण्याची वाट पाहू लागतात. मधला काळ कोणाच्याच रजिस्टरात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याचा हा आकडा आहे.

त्यामागची कारणे नुसत्या ‘अज्ञाना’त शोधू नयेत. बीडकडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या मुलाला काम मिळणे अवघड, आणि वयात आलेली मुलगी मागे गावात कोणाकडे ठेवायची हाही घोर. मग लग्न उरकले जाते. हंगामात हे जोडपे साखर कारखान्याच्या परिसरात पालात राहते, तर आशाताईंची यादी गावातच राहते. तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन किंवा आधी आठवड्यातून दोनदा आणि तीन महिन्यांनंतर एकदा घ्यायची ‘छाया’ गोळी सरकारी यंत्रणेत फुकट आहे. पण पुढचा डोस कोणत्या गावच्या उपकेंद्रात घ्यायचा? माझ्या मते प्रबोधनाच्या भित्तिपत्रकांपेक्षा या प्रश्नाला आधी हात घालायला हवा.

अविवाहितांची अडचण वेगळी. पॉक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा ठरवले आणि डॉक्टरवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आले. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिच्या आणि पालकाच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. मुलीला मात्र दवाखान्याच्या दारात पोलीसच दिसतो. मग ती मैत्रिणीला विचारते, किंवा कोणाला तरी मेडिकलमध्ये पाठवते. आणि तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, हे काउंटरवरचा माणूस सांगतोच असे नाही. (२००७ मध्ये राज्यातल्या शाळांमधून लैंगिक शिक्षणाला मज्जाव झाला होता, हेही विसरू नये.)

वैद्यक, कायदा, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, कोणत्याही दाराने या अभ्यासात या. फक्त पहिला निबंध लिहिण्याआधी एखाद्या उपकेंद्रात नर्सताईंशेजारी काही दिवस बसा, आणि कोण आले याबरोबरच कोण आलेच नाही, याचीही नोंद ठेवा.