रक्कम अक्षरी

चेकवर आकड्यात एक रक्कम आणि अक्षरात दुसरीच लिहिली असेल तर खरी कुठली मानायची? १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं १८ वं कलम सांगतं, अक्षरातली. (आजकाल बँक असा चेक सरळ परत पाठवते, ते सोडा.) आकड्यापुढे एक शून्य वाढवायला सेकंद लागत नाही, पण 'पाच हजार'चं 'पन्नास हजार' करायला जरा कलाकारी लागते. म्हणून पावती, व्हाउचर, बिल, सगळीकडे खाली ती एक ओळ असतेच : रक्कम रुपये अक्षरी.

आता गंमत बघा. एक्सेलमध्ये शेकडो फंक्शन्स आहेत. कर्जाचा हप्ता काढा, दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजा, काय वाट्टेल ते. पण रक्कम अक्षरात लिहून देणारं तयार फंक्शन म्हणाल तर 'बाह्टटेक्स्ट', आणि ते लिहितं थाई भाषेत! रुपयांसाठी काही नाही. त्यामुळे आपल्याकडे अकाउंट्समधल्या माणसाला कधी ना कधी मॅक्रोच्या दारात जावंच लागतं. मला तर वाटतं, आपल्याकडे मॅक्रो शिकण्याचा इतिहास लिहायचा झाला तर तो या एका ओळीभोवतीच लिहावा लागेल.

थोडं मागे जाऊ. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्कमध्ये मॅक्रो नव्हते. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये ते आले, पण ती भाषा वगैरे काही नव्हती. तुम्ही कीबोर्डवर जी बटणं दाबाल तीच अक्षरं एका सेलमध्ये लिहून ठेवायची : स्लॅश, आर, एफ, सी... म्हणजे रेंज, फॉरमॅट, करन्सी. त्या सेलला नाव द्यायचं आणि ऑल्टबरोबर एक अक्षर दाबलं की लोटस ती बटणं स्वतःच दाबत सुटायचं. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या क्लासेसच्या पाट्यांवर 'वर्डस्टार, लोटस, डीबेस' हे त्रिकूट असायचं ते आठवतंय का? त्यातलंच हे लोटस. एक्सेल १९८५ साली मॅकवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. व्हीबीए, म्हणजे खरीखुरी प्रोग्रॅमिंगची भाषा, त्यात १९९३ साली एक्सेल ५ बरोबर आली.

ही शिकवणार कोण? सी भाषेला आपल्याकडे नागपूरचे यशवंत कानेटकर होते. 'लेट अस सी' न वाचता इंजिनिअर झालेला माझ्या ओळखीत तरी कोणी नाही. मॅक्रोला असा कानेटकर भेटला नाही. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीमुळे एक्सेल हे नाव गावोगाव पोहोचलं, पण तिथून मॅक्रोपर्यंतचा रस्ता ज्याचा त्याने शोधायचा होता.

त्या रस्त्यावरचा पहिला मास्तर म्हणजे मॅक्रो रेकॉर्डर. तुम्ही हाताने काम करा, तो बघून कोड लिहून ठेवतो. शिकायला याच्यासारखं साधन नाही असं माझं आजही मत आहे : सेल पिवळा करा, मग ऑल्ट-एफ११ दाबून बघा त्याने काय लिहिलंय. ज्या शब्दाचा अर्थ कळणार नाही त्यावर कर्सर ठेवून एफ१ दाबा. पण हा मास्तर बडबड्या आहे, प्रत्येक क्लिकची नोंद ठेवतो. आणि मुख्य म्हणजे त्याला 'जर-तर' आणि 'पुन्हा पुन्हा' येत नाही. 'इफ' आणि 'लूप' तुमचे तुम्हीच लिहायचे. 'रक्कम अक्षरी' तर नुसती रेकॉर्ड करून जमणारच नाही, तिथे हात घालावाच लागतो.

मग दुसरा मास्तर : मायक्रोसॉफ्टने स्वतःच मदतीसाठी दिलेला 'स्पेलनंबर' नावाचा कोड. छान नेटका कोड आहे. पण तो मोजतो डॉलर आणि सेंट्स, आणि उजवीकडून तीन-तीन आकडे तोडत जातो : थाउजंड, मिलियन, बिलियन. त्याला १२,३४,५६७ दिले तर उत्तर 'वन मिलियन'पासून सुरू होतं. डॉलरच्या जागी रुपये लिहिणं कोणालाही जमतं. लाख-कोटी हवे असतील तर मात्र आधी तीन आकडे तोडून पुढे दोन-दोन तोडायचे, आणि त्यासाठी तो लूप समजून घ्यावाच लागतो. माझ्या मते आपल्याकडचा मॅक्रोचा खरा क्लास हाच. ज्याने हा कोड मोडून पुन्हा जोडला तो मॅक्रो शिकला.

हे सगळं इंग्रजी अक्षरांचं झालं. मराठीत लिहायचं तर?

प्रतापगडला माझा मावसभाऊ असतो. (साताऱ्याचा प्रतापगड नव्हे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, महाशिवरात्रीच्या जत्रेचा.) सगळा भाताचा मुलुख, आणि हा धानाच्या व्यवहाराचा हिशेब ठेवतो. पावत्या मराठीत, अक्षरी रक्कम हाताने लिहायची. आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर पावती परत, आणि शेतकऱ्याचे पैसे तेवढे दिवस अडकले. त्याने कुठून तरी तो कोड मिळवला, लाख-कोटीपर्यंत स्वतः पोहोचला, आणि मग मला फोन : "दादा, मी मराठी शब्द टाकतो तं नुसते प्रश्नचिन्हच येऊन राहिले."

त्याची काही चूक नव्हती. एक्सेलच्या सेलला १९९७ पासून युनिकोड कळतं, पण व्हीबीएचा एडिटर जुन्या कोडपेजवरच राहिला, आणि त्या जुन्या व्यवस्थेत देवनागरीला कोडपेजच नव्हतं. म्हणून एडिटरमध्ये 'म' टाइप केला की '?'. यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये हे काम बरंचसं चालायचं, कारण त्यात आत इंग्रजी अक्षरंच असायची, वर फक्त मराठीचा मुखवटा! युनिकोड येऊन सगळीकडे सुधारणा झाली आणि नेमकं इथे घोडं अडलं.

एक उपाय असा की प्रत्येक अक्षराचा नंबर द्यायचा. 'म'साठी क्रडब्ल्यू (२३५०), असं. पण 'त्रेसष्ट' लिहायला असे आठ नंबर लागतात, आणि मराठीत असे शब्द किती? इंग्रजीत विसापर्यंतचे शब्द आणि मग दशक माहीत असले की झालं. आपल्याकडे एक ते नव्व्याण्णव, प्रत्येकाचा थाट वेगळा. एकोणपन्नास, एकोणसाठ असा नियम बसतोय म्हणावं तर नव्व्याण्णव तो मोडून मोकळा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनपद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर तेव्हा त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. लहान मुलांचं काय ते शिक्षक ठरवतील, पण मॅक्रो लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर त्या पद्धतीत ९९ ऐवजी २७ शब्दांत काम भागतं. अर्थात पावतीवर 'साठ तीन' कोण चालवून घेणार? तिथे त्रेसष्टच.

शेवटी उपाय निघाला तो अगदी साधा. शब्द कोडमध्ये लिहायचेच नाहीत. वेगळ्या शीटवर 'ए' कॉलममध्ये एक ते नव्व्याण्णव ओळीने टाइप करायचे, आणि कोडने फक्त म्हणायचं, ६३ व्या ओळीतला शब्द दे. त्या शीटचं नाव मात्र इंग्रजीत हवं, नाहीतर पुन्हा प्रश्नचिन्हं. शब्द भावाने टाइप केले, शाळेतल्या पाढ्याच्या पुस्तकाशी ताडून. 'शंभर'चा घोळ त्यानेच पकडला : नुसते १०० असतील तर 'शंभर', पण १०५ ला 'एकशे पाच'. माझ्या पुण्यातल्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

मी फाइल पाठवली तर तिकडे मॅक्रो चालेनाच, वर लाल पट्टी. तेही कारण जुनंच आहे. १९९६ मध्ये लारू नावाचा पहिला एक्सेल मॅक्रो व्हायरस सापडला, १९९९ मध्ये मेलिसाने वर्डच्या मॅक्रोमधून ईमेल सर्व्हर आडवे केले, आणि इतकी वर्षं सोसून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. अर्थात पाठवणारा ओळखीचा असेल तरच.

हल्ली एआयला मराठीत विचारलं तरी तो असला कोड लिहून देतो. मी करून पाहिलं. कोड ठीक होता, फक्त शब्द त्याने थेट कोडमध्येच मराठीत लिहिले होते. एडिटरमध्ये चिकटवले, सगळी प्रश्नचिन्हं. भावाला स्क्रीनशॉट पाठवला तर त्याचा मेसेज आला, "त्याले शीटवर लिहाले सांग ना."