रंगाआधींची भिंत



दिवाळी जवळ आली कीं शहरांतल्या घराघरांत रंगाची चर्चा सुरू होते. पिवळा बरा कीं फिकट निळा, यावर मंडळींचें एकमत होण्यास आठवडा लागतो. पण ज्या भिंतीवर तो रंग बसावयाचा, तिच्याविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. रंगारी मात्र जाणता असतो. तो आधीं जुन्या चुन्याचे पोपडे खरवडतो, भेगांत लांबी भरतो, कांचकागदानें भिंत घासतो आणि ओल दिसली तर कामच थांबवितो. दोन दिवस खोलींत रंगाचा ठिपकाही दिसत नाहीं, म्हणून आपण त्याच्यावर उगाच चिडतों!

या पूर्वतयारीला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवर सांपडतो. हा जिल्हा धुळे जिल्ह्यांतून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला. त्याच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरांत भिल्ल आणि पावरा लोकांचीं जुनीं घरें कुडाचीं. बांबूच्या विणलेल्या कामट्यांवर शेणमातीचा लेप दिलेला. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्या पैलतीरीं, अलिराजपूर व छोटा उदेपूरच्या मुलखांत, राठवा व भिलाला लोक मातीच्या भिंतीवर पिठोरा देवाचें चित्र लिहवून घेतात.

घरांत आजार आला, गुरेंढोरें दगावलीं, पीक बुडालें, कीं पिठोऱ्याला नवस बोलतात. नवस फेडावयाची वेळ आली म्हणजे ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली भिंत निवडतात. देवाची जागा तीच. घरांतील कुमारिका ती शेणमातीनें लिंपतात, आणि वर पांढऱ्या मातीचा हात देतात. भिंत वाळून पांढरी झाल्यावांचून चित्रकाराचें पाऊल पुढें पडत नाहीं. मग लखारा येतो, दुधांत व मोहाच्या दारूंत रंग कालवितो, आणि ढोलाच्या व गाण्याच्या साथीनें देवांचे घोडे भिंतीवर उतरूं लागतात. शेवटीं बडवा अंगांत आल्यावर प्रत्येक आकृति ओळखून दाखवितो; एखादा देव राहून गेला असेल तर तो तेथल्या तेथें काढावा लागतो. रूढीनें चित्र लिहावयाचें तें पुरुषांनीं. म्हणजे जिच्या हातानें भिंत तयार झाली, तिच्या हातीं कुंचला येत नसे. आमच्या डहाणूकडील वारली लोकांत मात्र लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत आल्या. तेथें भूमि गेरूची किंवा शेणाची आणि रेषा तांदळाच्या पिठाची.

आतां थोडें मागें, अजिंठ्याकडे वळूं. तेथें भिंत मातीची नव्हे, कातळाची. आणि गुळगुळीत कातळावर गिलावा टिकत नाहीं. म्हणून कारागिरांनीं छिन्नीच्या खुणा मुद्दाम खडबडीत ठेवल्या. त्यावर माती, वाळू, भाताचा कोंडा, गवत व तंतू यांचा गिलावा चढविला, मग बारीक मातीचा थर, आणि सर्वांवर चुन्याचा पातळ हात. कोरड्या भिंतीवर डिंकासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग दिले. इसवी सनाच्या पांचव्या शतकांतलें हें काम १८१९ सालीं जॉन स्मिथ याच्या दृष्टीस पडलें, तेव्हां पुष्कळसें शाबूत होतें. पुढील हानीचा मोठा वांटा भिंतीचाच आहे: गिलाव्यांतील कोंडा व तंतू किडींनीं खाल्ले, आणि थर कातळापासून सुटला. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटलीहून सेकोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावून सुटलेला गिलावा बसवून घेतला. पण रक्षणासाठीं लाविलेलें लाखेचें रोगण पुढें पिवळें पडलें, आणि रंगच झांकोळले. वेरूळच्या गिलाव्यांत भांगेच्या जातीचे तंतू आढळल्याचें संशोधकांनीं २०१६ मध्यें प्रसिद्ध केलें; तेथें किडीचा उपद्रव कमी होण्याचें एक कारण हें असावें असें त्यांचें मत आहे.

झाबुआ भागांतील पिटोल गांवच्या भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनीं त्यांना रंग देऊन चित्रें काढावयास सांगितलें. त्यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, आणि छोटा उदेपूरचे पिठोरा चित्रकार परेश राठवा यांना २०२३ सालीं. हा गौरव उचितच होय. तथापि आतां पिठोऱ्याचे घोडे कागदावर व कापडावर येऊन शहरांतल्या दिवाणखान्यांत पोहोंचले आहेत, आणि गांवांतल्या मातीच्या भिंतींची जागा सिमेंट घेत आहे. कापडाला लिंपण लागत नाहीं. तें विकत घेतांना आपण चित्रकाराचें नांव विचारतों. भिंत लिंपणाऱ्या मुलींचें नांव पूर्वीं कोणी लिहून ठेवलें नाहीं, आणि या चित्रांत तर त्यांना कामच उरलेलें नाहीं.