टाउन मीटिंग

*टाउन मीटिंग : अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरणारी गावाची वार्षिक सभा. व्हरमाँट ज्यात मोडते त्या न्यू इंग्लंड भागात ही चाल सतराव्या शतकापासूनची. वाचकाला आपली ग्रामसभा आठवेल, पण इथे जमलेले मतदार अंदाजपत्रकाला नुसती मान डोलवत नाहीत, ते जागच्या जागी बदलतात. बर्फ उपसणाऱ्या नव्या ट्रकला किती डॉलर द्यायचे, ग्रंथालयाला किती, यावर शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्यांवर बसून तासन्‌तास खल चालतो. बोलायचे ते निवडून दिलेल्या 'मॉडरेटर'ला उद्देशून. शेजाऱ्यावर थेट घसरता येत नाही. (हा नियम आपल्याकडेही उचलण्याजोगा.) मत तोंडी, आवाजावरून निकाल कळेना, तर डोकी मोजायची. वर्षभराचा कारभार 'सिलेक्टबोर्ड' पाहते. १९८२ साली दीडशेहून अधिक गावांनी अशाच सभांत, रस्तेदुरुस्तीच्या जोडीला, अण्वस्त्रे गोठवण्याचा ठरावही मंजूर केला. नॉर्मन रॉकवेलचे १९४३चे 'फ्रीडम ऑफ स्पीच' हे चित्र व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टनच्या सभेवरून सुचले. अलीकडे अनेक गावांनी दिवसभराच्या गुप्त मतदानाची पद्धत घेतली आहे. कामावर जाणाऱ्यांची त्यात सोय होते, मात्र मतपत्रिकेवरचा आकडा सभेत उठून दुरुस्त करता येत नाही. — संपा.