शिस्त : माशीपासून लाल ठिपक्यापर्यंत

गेल्या दिवाळीत केंदूरला एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. संत कान्हुराज पाठकांचे हे गाव. अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केला होता आणि बुरुजावर मावळे मांडून दोन भावंडे हमरीतुमरीवर आली होती. धाकट्याच्या हातात टिकल्यांचे पिस्तूल. पुण्याहून आलेल्या थोरल्याकडे सेलवर चालणारी बंदूक. या बंदुकीला वर दोन नळकांडी लावता येत : एकात इवलीशी दुर्बीण, दुसऱ्यात लाल दिव्याचा ठिपका. थोरल्याने मलाच पंच केले. "आजोबा, खरा नेम कशानं लागतो? दुर्बिणीनं की ठिपक्यानं?"

मी म्हटले, "अरे, धरणाऱ्यानं!" उत्तर त्याला पटले नाही. खरे म्हणजे मलाही ते पळवाटेसारखे वाटले. म्हणून हा थोडा विस्तार.

प्रथम आपल्या भाषेतच पाहू. 'शिस्त' म्हटले की आज आपल्याला शाळेतली रांग आठवते. परंतु जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. 'शिस्त धरली' म्हणजे बंदूक रोखली. नळीच्या टोकावरच्या बारीक उंचवट्याला नाव पडले माशी. डोळा, माशी आणि निशाण एका रेषेत आणणे ही शिस्त. त्यातून आजचा अर्थ कसा निघाला, हे सांगायला कोशकाराची गरज नाही.

आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांना पुढे माशी आणि मागे खाच, अशी दोन्ही असत. मौज अशी की कंपनी सरकारच्या पायदळाच्या चकमकीच्या बंदुकीला मागची खाच नसेच. पुढे संगीन अडकवण्याचा जो खुंट असे, तोच माशीचे काम करी. नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा थोडी लहान. शंभर यार्डांपलीकडे ती कोठे जाईल याचा भरवसा नव्हता. म्हणून एकेकट्याने नेम धरण्यापेक्षा रांगेने एकदम बार काढण्यावर भर.

केंदूरच्याच तालुक्यात, भीमेकाठच्या कोरेगावात, १ जानेवारी १८१८ रोजी अशाच बंदुका दिवसभर धडाडल्या. कॅप्टन स्टाँटनची आठशेच्या आसपासची तुकडी आदल्या रात्री शिरूरहून चालत आली होती. समोर दुसऱ्या बाजीरावाची फार मोठी फौज होती. गावाच्या गल्ल्यांतून, घरांच्या भिंतींआडून झालेल्या त्या झुंजीत वीस-तीस पावलांवरचा माणूस हेच निशाण. तेथे भिंग काय कामाचे? कामाला आली ती रांग न मोडण्याची शिस्त. स्मारकस्तंभावर कोरलेल्या नावांत महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे येऊन त्या शौर्याचे स्मरण केले.

पुढे नळीच्या आत मळसूत्री आटे आले. गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाऊ लागली. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनला व्हिक्टोरिया राणीने रेशमी दोरी ओढून चारशे यार्डांवरच्या निशाणावर बार काढला. गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. वाहवा राणीची झाली, पण बंदूक अगोदरच घोडीवर पक्की बसवून नेमलेली होती. ती बनवणारा व्हिटवर्थ, आणि खरी शिस्तही त्याचीच!

आता निराळीच अडचण आली. गोळी जाते तेथवर डोळा जाईना. शिवाय डोळ्याला खाच, माशी आणि निशाण ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. एक लख्ख, तर बाकीची धूसर. सुईत दोरा ओवणाऱ्या आजीबाईंना हे समजावून सांगायला नको. यावर ज्यांनी उपाय काढला त्यांत आपल्या मुंबई लष्करातला डेव्हिडसन नावाचा अधिकारी होता. हिंदुस्थानात हरणांच्या शिकारीसाठी त्याने बंदुकीवर दुर्बीण लावून पाहिली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात व्हिटवर्थच्या काही बंदुकांवर त्याची दुर्बीण डाव्या बाजूला बसवलेली असे. भिंगामुळे निशाण आणि आतली फुली एकाच पडद्यावर आली. पण मोठे दिसते ते थोडेच दिसते : आजूबाजूचे सारे लोपते, हाताचा बारीकसा कंपही दसपट वाटतो, आणि डोळा फार जवळ नेला तर बंदुकीच्या धक्क्याने भुवई फुटते.

लाल ठिपक्याचा मूळपुरुष निराळा, आणि त्याचा धागा चक्क पुण्याशी जुळतो. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब हे आकाशाच्या दुर्बिणी करणारे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी नेगमवाला यांनी चालवलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची मोठी दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली. १९०० साली ग्रब यांनी एक युक्ती मांडली : उजळ खूण भिंगाच्या केंद्रावर ठेवावी आणि तिचे प्रतिबिंब तिरक्या काचेत पाहावे. म्हणजे ती खूण ताऱ्यासारखी अतिदूर भासते. डोके थोडे हलले तरी निशाणावरून फारशी ढळत नाही. ही युक्ती पुढे विमानांत गेली, आणि १९७५ च्या सुमारास स्वीडनमध्ये इवल्या विजेच्या दिव्यासह बंदुकीवर आली. तिच्यात निशाण मोठे होत नाही. पण दोन्ही डोळे उघडे राहतात आणि नजर चटकन बसते.

तेव्हा निवड अशी : निशाण लांब, स्थिर आणि सवड असेल तर दुर्बीण; जवळ, हलते आणि घाईचे असेल तर ठिपका. कोरेगावच्या गल्लीत दुर्बीण व्यर्थ. विंबल्डनच्या मैदानात ठिपक्यानेच निशाण झाकले गेले असते. सोनाराचे भिंग लावून कोणी रस्ता ओलांडत नाही.

पण दोहोंपैकी एकही साधन सांगत नाही की समोर जे दिसते त्यावर बार काढावा की काढू नये. डेव्हिडसनने ज्या हरणांवर भिंग रोखले त्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे; तेथे दुर्बीण घेऊन जायचे ते नुसते पाहायला.

आणि नेमबाजी? १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या खेळात निशाण मोठे करणारी दुर्बीण चालत नाही आणि लाल ठिपकाही नाही. मागे बारीक छिद्र, पुढे एक कडे, आणि पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचे, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढे!

यंदा दिवाळीला केंदूरला गेलो की त्या थोरल्याला ही हकीकत सांगणार आहे. नळकांडे दुकानात मिळते, बाळ. शिस्त मात्र प्रत्येकाला घरीच घडवावी लागते.