निवेदन व पडद्यावरील मजकूर (ऑनलाइन प्रशिक्षणातील)

ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पाठात ध्वनिमुद्रित निवेदन आणि पडद्यावरील लिखित मजकूर यांची सांगड घालण्याची पद्धत. निवेदनातले प्रत्येक वाक्य पडद्यावर जसेच्या तसे उमटवले की विषय दुप्पट पक्का होतो, असा समज पाठ तयार करणाऱ्यांत रूढ आहे. सचित्र पाठांबाबत तो प्रयोगांत टिकला नाही. पडद्यावर किती लिहायचे, हे दोन गोष्टींवर ठरते : त्या क्षणी डोळ्यांना आणखी काय पाहायचे आहे आणि कानावर पडणारी भाषा शिकणाऱ्याच्या कितपत अंगवळणी पडलेली आहे.

चित्र आणि अक्षर दोन्हींचा भार डोळ्यांवरच पडतो, हे यामागचे कारण. कालिउगा, चँडलर आणि स्वेलर यांनी १९९९ मध्ये व्यवसाय-प्रशिक्षणार्थींना सोल्डरिंगचे पाठ दिले. आकृती पाहत फक्त निवेदन ऐकणारे हे तेच निवेदन सोबत वाचणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. आकाशातली वीज कशी तयार होते हे दाखवणाऱ्या चलचित्रावर रिचर्ड मेयर व सहकाऱ्यांना २००१ मध्ये असाच निष्कर्ष मिळाला. मात्र चित्रच नसेल, तर ऐकणे व वाचणे एकत्र आल्याने फायदा होतो, हे मोरेनो व मेयर यांनी २००२ मध्ये दाखवले. आकृतीलगत दोन-तीन शब्दांचे नामपट्ट दिल्यास आठवण सुधारते, हे २००८ मध्ये मेयर व जॉन्सन यांच्या प्रयोगांतून दिसले. तेव्हा आक्षेप मजकुराला नाही, चित्राशी स्पर्धा करणाऱ्या सबंध वाक्यांना आहे.

मराठीतले ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. त्याचे पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते, पडद्यावरची आज्ञावली मात्र इंग्रजीच राहते. ‘फाइल मेनूवर क्लिक करा’ हे वाक्य मराठीत कानावर येते आणि त्याच वेळी कर्सर इंग्रजी मेनूवर पोहोचतो. नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्यालाही पुढे नोकरीत तोच इंग्रजी मेनू हाताळायचा असल्याने ही अक्षरे पाठाचा विषयच ठरतात. शिवाय पाठाची आणि सॉफ्टवेअरची खिडकी शेजारी-शेजारी उघडून बघत-बघत करायचे, अशी या पाठांची रीत आहे. नजर आधीच दोन खिडक्यांत वाटलेली असताना तळाशी सरकणाऱ्या मराठी ओळींसाठी ती उरत नाही. म्हणूनच प्रकल्पाने निवेदनाची वेळनिहाय संहिता चित्रावर न लादता वेगळी उपलब्ध करून दिली, हे योग्यच झाले.

यावर पहिला आक्षेप कर्णबधिरांच्या वतीने घेतला जातो आणि तो निरुत्तर करणारा आहे : त्यांच्यासाठी लेखी निवेदन हेच निवेदन होय. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नेही सुगम्यतेची अपेक्षा ठेवली आहे. म्हणून उपशीर्षके हवीतच, पण इच्छेनुसार चालू-बंद करता येणारी. दुसरा आक्षेप साक्षरतेचा. ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांना त्याच भाषेतली उपशीर्षके देण्याचा पुरस्कार केला. त्यातून वाचनाचा सराव घडतो. परंतु तेथे वाचन हेच साध्य असते आणि शब्द बहुधा तोंडपाठ असतात. सॉफ्टवेअर किंवा यंत्र शिकवणाऱ्या पाठाला ते गणित लागू पडत नाही. तिसरा आक्षेप परक्या भाषेतील निवेदनाचा. घरी मराठी बोलणाऱ्याला इंग्रजी निवेदन भरभर ऐकावे लागले, तर लिखित ओळ त्याचा आधार बनते. ही सवलत मान्य करावी, पण मराठी निवेदन शक्य असेल तर ते देणे हाच खरा उपाय.

यातून निवडीचा निकष निघतो. फवारणीच्या पाठात पंप कसा धरायचा हे चित्राने दाखवावे आणि तसाच का धरायचा हे आवाजाने सांगावे. पण एका पंपाला औषध किती मिली, हा आकडा शेतकऱ्याने टिपून घेईपर्यंत पडद्यावर ठेवावा, कारण आवाज पुढे सरकला की तो हाती राहत नाही. संज्ञा, प्रमाणे, सूत्रे व सावधानतेच्या सूचना पडद्यावर; स्पष्टीकरण निवेदनात; संपूर्ण संहिता मागणीनुसार.