मात्रा तीच, शरीर निराळें

कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला आणि १८९४ सालीं डॉ. विल्यम वानलेस यांनीं मिरजेस रुग्णालय उभारलें. हातकणंगलें हें त्याच मार्गावरील स्थानक. त्यामुळें शस्त्रवैद्याचें दार या गांवास थोडक्या प्रवासावर आलें. परंतु त्या काळीं शस्त्रवैद्याचा हात हृदयापर्यंत सहसा जात नसे. हृदयाचें व फुप्फुसांचें काम यंत्रावर सोपवून हृदय उघडणें १९५३ सालीं अमेरिकेंत डॉ. गिबन यांस साधलें. पुढें फेब्रुवारी १९६८ मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपण केलें. रोगी कांहीं तासच जगला. पण हें धाडस आपल्याकडेही होऊं शकतें, हें सर्वांस दिसलें.

याच सुमारास वैद्यांच्या हातीं एक नवें औषध आलें. इंग्लंडांत जेम्स ब्लॅक यांनीं १९६४ सालीं प्रोप्रॅनोलॉल पुढें आणलें. अंगांतील ॲड्रिनलिन हृदयास चाबकासारखें पळवितें. हें औषध तो फटका हृदयास लागूं देत नाहीं. ठोके मंदावतात, छातींतील कळ कमी होते. या वर्गास बीटा-ब्लॉकर म्हणतात. ब्लॅक यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मग प्रश्न उभा राहिला: हें औषध घेणाऱ्याचें हृदय उघडावयाचें, तर औषध चालूं ठेवावें कीं थांबवावें? १९७२ सालीं अमेरिकेंतील कांहीं तज्ज्ञांनीं सल्ला दिला कीं, तें दोन आठवडे आधीं बंद करावें. नाहींतर दबलेलें हृदय यंत्र काढल्यावर जोर धरणार नाहीं. भीति साहजिक होती. परंतु पुढच्याच वर्षीं आढळून आलें कीं, औषध रक्तांतून व हृदयाच्या स्नायूंतून एक-दोन दिवसांतच नाहींसें होतें. शिवाय तें एकाएकीं सोडलेल्या कांहीं रोग्यांची कळ बळावली, कांहींस हृदयविकाराचा झटका आला. जी सावधगिरी म्हणून सांगितली, तीच घातक ठरली.

शस्त्रक्रियेनें शरीरही पालटतें. यंत्राच्या नळ्यांत भरलेला दीड-दोन लिटर द्रव मिसळून रक्त पातळ होतें. शरीर थंड केल्यानें यकृताचें काम मंदावतें, आणि प्रोप्रॅनोलॉलचा निचरा तर यकृतच करतें. पुढील दिवसांत जखमी शरीर रक्तांतील एक प्रथिन वाढवितें व तें प्रथिन या औषधास धरून ठेवतें. म्हणून तपासणींत औषध भरपूर दिसलें, तरी कामास येणारा मोकळा अंश त्या मानानें कमी असतो. खात्यावर शिल्लक मोठी आणि हातीं रोकड थोडी, अशी गत होते. अटेनोलॉल मात्र मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें. त्याचा हिशेब अर्थातच निराळा.

आज साधारणतः चालूं असलेलें औषध शस्त्रक्रियेपर्यंत ठेवतात आणि नंतर प्रकृति पाहून लवकर पुन्हां सुरू करतात. कारण शस्त्रक्रियेनंतर अनेकांचे ठोके अनियमित होतात, तो उपद्रव त्यानें कमी होतो. मात्र किती व केव्हां, हें नव्यानें ठरवावें लागतें. म्हणून रोगी घरीं परतल्यावर जुनी चिठ्ठी काढून जुनीच मात्रा देणें, किंवा हृदय दुरुस्त झालें असें समजून गोळी एकदम टाकून देणें, हीं दोन्ही साहसें आम्हांस सारखींच धोक्याचीं वाटतात. पहिलें करतांना शरीर बदललें आहे याचा विसर पडतो. दुसरें करतांना १९७२ सालच्या त्या सल्ल्यापासून मिळालेला धडा.