‘फार्ट’ : एका असभ्य क्रियापदाची वंशावळ

इंग्रजीतील ‘फार्ट’ (अपानवायू सोडणे) हे क्रियापद चारचौघांत उच्चारले जात नाही. शिवी म्हणावी इतके ते जहाल नाही, पण शिष्ट संभाषणात त्याला स्थानही नाही. भाषाशास्त्रात मात्र या शब्दाचे कुळ अतिशय प्राचीन मानले जाते.

या शब्दाचे मूळ इंडो-युरोपीय भाषाकुलातील ‘पेर्द्’ या धातूत आहे. संस्कृतमधील ‘पर्द्’, ग्रीकमधील ‘पेर्दोमाइ’ आणि रशियनमधील ‘पेर्देत्’ ही त्याचीच रूपे. पाणिनीय धातुपाठात ‘पर्द्’चा अर्थ कुत्सित शब्द करणे असा दिला आहे. मराठीतील ‘पादणे’ही याच धातूपासून आले आहे.

याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या वर्णपरिवर्तनाच्या नियमानुसार मूळ ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो आणि ‘द’चा ‘ट’. पाय या अर्थाच्या संस्कृत ‘पाद’चा इंग्रजी जोडीदार ‘फूट’, तसाच ‘पर्द्’चा ‘फार्ट’. (पाय या अर्थाचा ‘पाद’ आणि ‘पादणे’ यांचे धातू मात्र वेगवेगळे आहेत.) जर्मनमध्ये पुढे ‘ट’चाही ‘त्स’ झाला. त्यामुळे तेथे ‘फुर्त्सन’ हे रूप आढळते. प्राचीन नॉर्समध्ये स्वर आणि ‘र’ यांची अदलाबदल होऊन ‘फ्रेता’ झाले. स्वीडिशमध्ये ‘फ्यार्टा’ आहे. मात्र तेथे दुसऱ्या धातूपासून आलेले ‘फीसा’ अधिक रुळलेले आहे. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्कमध्ये ‘फार्ट’ याच स्पेलिंगचा शब्द पाटीवर दिसला, तर त्याचा अर्थ ‘वेग’ असतो. त्याचे मूळ प्रवासवाचक धातूत असून या क्रियापदाशी त्याचा संबंध नाही.

‘फीसा’चे इंग्रजी भाऊबंद आज सभ्य झाले आहेत. फसणे, विरून जाणे या अर्थाचे ‘फिझल’ सोळाव्या शतकात आवाज न करता वायू सोडण्यासाठी वापरले जाई. तडफदार या अर्थाचे ‘फाइस्टी’ हे विशेषणही याच कुळातले. जर्मनीतील ‘पुम्परनिकेल’ या काळ्या पावाच्या नावातही वायू सोडण्याच्या अर्थाचे एक बोलीतील क्रियापद आहे, असे मानले जाते.

प्राचीन इंग्रजीच्या उपलब्ध ग्रंथांत हे क्रियापद सापडत नाही; ‘फेओर्टिंग’ हे नाम तेवढे मिळते. तेव्हाचे लेखन मुख्यतः धर्मपीठांच्या हाती असल्याने या अभावाचे आश्चर्य वाटू नये. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये हा शब्द निःसंकोच वापरला. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात त्याची नोंद केली. पुढे शिष्टाचार कडक झाला आणि ‘वारा मोडणे’ अशा अर्थाचे इंग्रजी पर्याय रूढ झाले. डचमध्येही ‘वारा सोडणे’ म्हणतात. मराठीतील ‘वारा सरणे’ हा त्याच तऱ्हेचा आडपडदा.

हे सौम्य पर्याय त्या त्या भाषेने आपापल्या सोयीने घडवले. त्यांवरून भाषांचे नाते सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते मूळच्या असभ्य शब्दावरून. ग्रंथांनी टाळला तरी घराघरांतील बोलण्यात तो हजारो वर्षे टिकला. म्हणूनच कोशकाराने असा शब्द लाजेपोटी गाळला, तर भाषेच्या इतिहासातील एक भरवशाचा साक्षीदार गमावला जातो.